44 पैकी 44 : ओकडेनच्या डिमेन्शिया वॉर्डांचं प्रकरण

2016 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय मानांकन संस्थेचे तपासनीस अ‍ॅडलेडच्या ईशान्येला असलेल्या ओकडेन या उपनगरात एका सरकारी केंद्राची तपासणी करून गेले. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आणि जुनाट मानसिक आजार असलेल्या वृद्धांचं हे केंद्र. निकष 44 होते आणि केंद्र 44 पैकी 44 मध्ये पास झालं. मानांकन 2019 पर्यंत मिळालं. त्याच सुमारास तिथल्या एका रुग्णाला लिहून दिलेल्या मात्रेच्या दहापट अँटिसायकोटिक (भास-भ्रम दाबणारं) औषध दिलं गेलं होतं. त्याला शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. घरच्यांना त्याच्या अंगावर काळे-निळे डाग दिसले आणि ते कशाने पडले याचं पटेल असं उत्तर कुणी देईना. सहा महिन्यांच्या आत तो गेला.

पुढच्या वर्षी, एप्रिल 2017 मध्ये, साउथ ऑस्ट्रेलियाचे मुख्य मनोविकारतज्ज्ञ डॉ. आरन ग्रोव्हज यांनी तीन सहकाऱ्यांसह केलेला चौकशी अहवाल बाहेर आला आणि सरकारने हे वॉर्ड बंद करायचं ठरवलं. त्याच्या महिनाभर आधी, म्हणजे मार्च 2017 मध्ये, तीच मानांकन संस्था पुन्हा आली होती. या खेपेला केंद्र 15 निकषांत नापास झालं. इमारत तीच आणि कर्मचारीही बहुतेक तेच होते. मधल्या वर्षात बदललं एवढंच, की एका कुटुंबाने गप्प बसायला नकार दिला होता.

आधी ही जागा काय होती ते सांगायला हवं, नाहीतर सगळा दोष दोन-चार क्रूर कर्मचाऱ्यांवर ढकलून आपण मोकळे होतो. ओकडेन 1982 साली सुरू झालं. मॅक आणि मक्ले हे दोन वॉर्ड आणि क्लेमेंट्स हाउस नावाचा तिसरा विभाग अशी रचना होती. चालवणारं राज्य सरकारचं आरोग्य खातं. पण मॅक आणि मक्ले कागदोपत्री नर्सिंग होम होते, म्हणून त्यांचं अनुदान आणि तपासणी केंद्र सरकारकडे. क्लेमेंट्स हाउस मात्र राज्याच्या मानसिक आरोग्य सेवेत. एकाच आवारात दोन सरकारं. काही बिघडलं की ते दुसऱ्याच्या हद्दीत आहे असं समजायला दोघांनाही वाव होता.

तिथे येणारे रुग्णही साधे नव्हते. डिमेन्शियातल्या वर्तनसमस्यांची सात पायऱ्यांची एक विभागणी ऑस्ट्रेलियात वापरतात. खालच्या पायऱ्यांवर विसरणं आणि चिडचिड, वर जाता जाता ओरडणं, मारणं, चावणं, रात्रभर फिरणं. ओकडेनकडे सहाव्या आणि सातव्या पायरीचे रुग्ण यायचे, म्हणजे ज्यांना इतर नर्सिंग होमनी ‘आमच्याने होणार नाही’ म्हणून परत पाठवलेलं असायचं. त्यामुळे नातेवाईक आधीच दबलेले. इथूनही काढलं तर माणसाला न्यायचं कुठे, हा प्रश्न तक्रारीचा कागद लिहिण्याआधीच मनात उभा. अशा जागेला सर्वात तरबेज माणसं लागतात. ओकडेनला उलट झालं. व्यवसायोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेविका अशी जी फळी अशा वॉर्डात लागते ती जवळजवळ नव्हतीच, आणि काळजी कोणत्या पद्धतीने घ्यायची याचा आराखडाच कालबाह्य होता.

आता औषधाचं बघू. दहापट मात्रा ही लिहिण्यातली चूक सहसा कशी होते हे नर्सिंगमधल्या कुणालाही माहीत आहे: दशांशचिन्ह दिसत नाही किंवा एक शून्य जास्त वाचलं जातं. म्हणूनच औषधाच्या तक्त्यावर ‘.5’ न लिहिता ‘0.5’ लिहायचं आणि ‘5.0’ न लिहिता नुसतं ‘5’ लिहायचं असा दंडक असतो, आणि जोखमीचं औषध दोघींनी मिळून तपासायचं असतं. पण चूक पकडायची शेवटची जागा रुग्ण स्वतः असतो. तुम्हा-आम्हाला रोज एक गोळी असेल आणि हातात दहा आल्या तर आपण विचारतो. डिमेन्शियाचा रुग्ण विचारत नाही. तो दहाही घेतो, आणि नंतर सुस्त पडला तर ‘आज शांत आहे’ अशी नोंद होते.

या रुग्णाच्या बाबतीत धोका आणखी मोठा होता, कारण त्याचा डिमेन्शिया लुई बॉडी प्रकारचा होता. या प्रकारात मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची यंत्रणा आधीच खचलेली असते आणि अँटिसायकोटिक औषधं नेमकी तीच दाबतात. अशा रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना ही औषधं दिल्यावर तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते: अंग लाकडासारखं ताठ होतं, गुंगी उतरत नाही, गिळता येत नाही, कधी जीव जातो. अल्झायमरच्या रुग्णांतही ही औषधं निर्धोक नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच डिमेन्शियाच्या वृद्धांत यांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं असा सर्वात कडक इशारा वेष्टनावर छापायला लावला. ऑस्ट्रेलियात वर्तनसमस्यांसाठी यातल्या एकट्या रिस्पेरिडोनला मान्यता आहे, तीही अल्झायमर प्रकारात आणि जास्तीत जास्त 12 आठवड्यांसाठी. सुरुवात पाव मिलिग्रॅमपासून करायची. एवढं सगळं लिहिलेलं असूनही वॉर्डात ही औषधं कशासाठी वापरली जातात, तर बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांची कामाची पाळी सुरळीत जावी म्हणून. 2019 मध्ये वृद्धसेवेची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या अंतरिम अहवालाने नोंदवलं की ऑस्ट्रेलियातल्या वृद्धनिवासांत मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचा वापर जेमतेम 10 टक्के रुग्णांत स्पष्टपणे समर्थनीय ठरतो.

बांधून ठेवणं हा दुसरा भाग. ओकडेनच्या चौकशीत यावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाला खुर्चीत पट्ट्याने अडकवायचं, किंवा अशा खोल खुर्चीत बसवायचं की स्वतःहून उठताच येऊ नये. नियम सगळीकडे सारखाच असतो: इतर सगळे उपाय थकले तरच, थोड्या वेळापुरतं, डॉक्टरच्या लेखी आदेशाने, ठरलेल्या अंतराने पट्टा सोडून हातपाय हलवून, पाणी पाजून, लघवीला नेऊन. हे पाळलं तर बांधणं न बांधण्यापेक्षा जास्त खटाटोपाचं होतं, आणि नर्सला ते परवडत नाही. म्हणून ते आपोआप कमी होतं. नोंद आणि सुटका या दोन गोष्टी गळाल्या की मात्र बांधणं ही वॉर्डातली सर्वात स्वस्त सोय बनते. मग माणूस तासन् तास बसून राहतो. पायांचे स्नायू झपाट्याने झिजतात, तो उभा राहायचा बंद होतो, माकडहाडाशी शय्याव्रण धरतो, ओल्या डायपरमध्ये बसतो, खाली घसरला तर पट्टा छातीवरून गळ्याशी येतो. आणि सुटायची धडपड करतो म्हणून ‘आक्रमक’ असा शेरा त्याच्या फाइलीत चढतो. त्या शेऱ्याच्या आधारावर औषध वाढतं.

पण खरी झटापट कुठे होते? अंघोळीच्या वेळी. डिमेन्शियाची कोणतीही चांगली नर्स हेच सांगेल. सकाळी सातला एक आया खोलीत येते. तिच्या वाट्याला आठ-दहा जण आहेत आणि नाश्त्याआधी सगळ्यांचं उरकायचं आहे. म्हाताऱ्याला ती ओळखीची नाही. ती दिवा लावते, पांघरूण ओढते, शर्टाची बटणं काढायला लागते. त्याच्या दृष्टीने एक परका माणूस त्याला नागडा करतो आहे. तो हात झटकतो. ती मनगट धरते. तो ओरडतो. दुसरी आया मदतीला येते आणि दोघी दोन्ही दंड धरून त्याला बाथरूमकडे नेतात. पाणी डोक्यावरून येतं. आता तो खरोखर घाबरलेला असतो आणि चावतो. त्या क्षणी त्यांच्यापैकी एकीचा हात उठतो किंवा उठत नाही. पण दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला बोटांचे गोल डाग उमटायला हात उठावाच लागतो असं नाही.

हेच काम नीट कसं होतं तेही ठरलेलं आहे. खोली आधी गरम करायची. समोरून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर वाकून, नावाने हाक मारायची. आपल्याकडे असेल तर ‘आबा, चहा घेता का’ इथून सुरुवात. एकीनेच बोलायचं, दुसरीने गप्प राहून काम करायचं. पूर्ण उघडं न करता मोठा टॉवेल अंगावर ठेवून एकेक भाग धुवायचा, पाणी पायांपासून वर न्यायचं, डोकं सगळ्यात शेवटी किंवा आज नाहीच. नाही म्हणाला तर सोडून द्यायचं आणि वीस मिनिटांनी पुन्हा यायचं. रोज अंघोळ हवीच असं कुठल्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेलं नाही. ओल्या कपड्याने पुसून घेतलं तरी त्वचा नीट राहते. आणि कुणी अचानक मारकुटा झाला तर आधी दुखतंय का ते बघायचं. बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वेदनेसाठी ‘पेनअ‍ॅड’ नावाची साधी मोजपट्टी आहे: श्वास, आवाज, चेहरा, देहबोली आणि धीर दिल्यावर शांत होणं, प्रत्येकाला 0 ते 2, एकूण 10. कुलूपबंद वॉर्डातला ‘आक्रमक’ रुग्ण पुष्कळदा तीन दिवस शौचाला न झालेला, लघवीचा जंतुसंसर्ग झालेला किंवा कवळी टोचणारा माणूस असतो. हे शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ कुणाला दिलेला नसतो.

मग 44 पैकी 44 कसे मिळाले? हा या प्रकरणाचा गाभा. 2007 च्या अखेरीस मॅक आणि मक्ले नापास झाले होते आणि त्यांच्यावर केंद्र सरकारने निर्बंध घातले होते. त्यानंतर बाहेरचे सल्लागार आणले गेले, धोरणं लिहिली गेली, फाइली लागल्या. संस्थेने धडा घेतला, पण कागद दाखवण्याचा. तपासणीची तारीख आधी कळायची. तपासनीस धोरणपुस्तिका बघत, नोंदी बघत, कर्मचाऱ्यांशी आणि रहिवाशांशी बोलत. नेहमीच्या वृद्धाश्रमात या रहिवाशांशी बोलण्याने बरंच बाहेर येतं. इथे रहिवासी बोलण्याच्या पलीकडे गेलेले. ‘जेवण कसं आहे’ या प्रश्नाचं उत्तर न आल्याने निकष पडत नाही. 2010 मध्ये सगळे निकष पूर्ण, 2013 मध्ये पूर्ण, 2016 मध्ये पूर्ण. दर वेळचं प्रमाणपत्र पुढच्या तक्रारीविरुद्ध ढाल म्हणून उपयोगी पडलं, आणि हे प्रमाणपत्र नसतं तर बरं झालं असतं असं म्हणायची वेळ येते.

इशारे नव्हते असं नाही. राज्यात मानसिक आरोग्य केंद्रांना भेट देणाऱ्या स्वयंसेवी निरीक्षकांची योजना होती आणि तिचे प्रमुख मॉरिस कॉर्कोरन यांनी ओकडेनबद्दलची चिंता अहवालांतून मांडली होती. पण ते अहवाल वाचून काही करण्याची जबाबदारी नेमकी कुणाची हे कुणी अंगाला लावून घेतलं नाही. वॉर्डातल्या तक्रारी वॉर्डातच जिरत. कर्मचाऱ्याने सहकाऱ्याविरुद्ध बोलायचं तर उद्या त्याच पाळीत तिच्याबरोबर उभं राहायचं.

कायद्यातही एक फट होती. 1 जुलै 2007 पासून ऑस्ट्रेलियात नर्सिंग होममधल्या मारहाणीची खबर 24 तासांत पोलीस आणि केंद्रीय खात्याला देणं सक्तीचं होतं. अपवाद एक: मारणारा स्वतः डिमेन्शियाचा रहिवासी असेल आणि त्याच्या काळजीची व्यवस्था केली असेल, तर खबर देण्याची गरज नाही. जिथे सगळेच रहिवासी डिमेन्शियाचे आहेत तिथे या अपवादाने काय होतं हे सांगायला नको. डाग दिसला की ‘शेजारच्या रुग्णाने ढकललं’ हे स्पष्टीकरण तयार असतं, त्याला साक्षीदार नसतो, आणि ते खात्यापर्यंत पोचतही नाही.

रुग्णाच्या पत्नीने आणि मुलांनी पाठपुरावा सोडला नाही. डिसेंबर 2016 मध्ये, ओकडेन ज्याच्या अखत्यारीत होतं त्या नॉर्दर्न अ‍ॅडलेड आरोग्य जाळ्याच्या प्रमुख जॅकी हॅन्सन यांच्याशी त्यांची भेट झाली आणि हॅन्सन यांनी ग्रोव्हज यांना चौकशी करायला सांगितलं. जानेवारीत प्रकरण माध्यमांत आलं, मग इतर कुटुंबंही बोलू लागली. ग्रोव्हज यांच्या पथकात वृद्धांचे मनोविकारतज्ज्ञ डंकन मकेलर, नर्सिंगच्या डेल थॉम्सन आणि प्रा. निकोलस प्रॉक्टर होते. त्यांनी सहा मुद्दे तपासले: काळजीची पद्धत, इमारत, मनुष्यबळ, सेवेचा दर्जा, वॉर्डाची संस्कृती आणि बंधनांचा वापर. सहाही मुद्द्यांवर केंद्र सपशेल नापास. सप्टेंबर 2017 मध्ये मानसिक आरोग्य मंत्री लीसा व्लाहोस यांनी राजीनामा दिला. फेब्रुवारी 2018 मध्ये राज्याचे भ्रष्टाचारविरोधी आयुक्त ब्रूस लँडर यांचा अहवाल आला. त्यांनी या प्रकरणाला राज्याच्या इतिहासातलं लाजिरवाणं प्रकरण म्हटलं आणि पाच व्यक्तींवर तसंच आरोग्य जाळ्यावर गैरकारभाराचा ठपका ठेवला. लक्षात घ्यायचं ते असं, की हा ठपका मारहाणीचा नाही, कारभाराचा आहे. कोणी कुणाला कधी मारलं हे सिद्ध करायला साक्ष लागते, आणि साक्ष देणारे एकतर बोलू शकत नव्हते किंवा वारले होते.

त्यानंतरचे बदल भराभर सांगतो. केंद्र सरकारने नेमलेल्या केट कार्नेल आणि रॉन पॅटरसन यांच्या समितीने ऑक्टोबर 2017 मध्ये पूर्वसूचना न देता तपासणी करा असं सांगितलं, आणि जुलै 2018 पासून ते सुरू झालं. जानेवारी 2019 पासून नवा नियामक आयोग आला. ऑक्टोबर 2018 मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने मार्च 2021 मध्ये 148 शिफारशींचा अंतिम अहवाल दिला. एप्रिल 2021 पासून गंभीर घटनांची खबर देण्याची नवी पद्धत आली. तिच्यात तो डिमेन्शियाचा अपवाद उरला नाही. गंभीर इजा किंवा गुन्हा असेल तर 24 तास, इतर घटनांना 30 दिवस. चुकीचं बांधणं आणि गुंगीची औषधं हाही त्यात नोंदवायचा प्रकार आहे. मनुष्यबळाचंही ठरलं: ऑक्टोबर 2024 पासून दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी 215 मिनिटांची सेवा, त्यातली 44 मिनिटं नोंदणीकृत नर्सची. अंघोळीचा तो प्रसंग आठवला की सगळ्यात कामाचा बदल हाच वाटतो. बाकीचे बदल घडून गेल्यावर पकडतात. मिनिटं वाढवली तर हाताला घाई राहत नाही.

ज्यांचं माणूस अशा कुठल्याही संस्थेत आहे किंवा घरी नर्सिंग ब्युरोच्या बाईच्या भरवशावर आहे, त्यांनी ओकडेनमधून उचलायचं ते असं, की विचारण्यापेक्षा बघा. कपडे बदलायच्या वेळी जा, भेटीची वेळ दर खेपेला बदला, सकाळी सात आणि रात्री नऊ या दोन वेळा चुकवू नका. म्हाताऱ्या माणसांना डाग सहज पडतात, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच. पण अपघाती डाग बहुतेक हातापायांवर असतात, कोपराखालच्या हातावर, नडगीवर. चेहरा, कान, मान, पाठ, दंडाची आतली बाजू इथले डाग किंवा 5 सेंटिमीटरहून मोठा डाग दिसला तर लेखी खुलासा मागा. रंगावरून डाग किती दिवसांचा हे ठरवू नका, ते तज्ज्ञांनाही जमत नाही. त्यापेक्षा शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा आणि तारीख राहू द्या. मनगटाभोवती किंवा कमरेला आडवा लाल पट्टा म्हणजे बांधलेलं असू शकतं. वजन दर महिन्याला विचारा: महिन्यात 5 टक्के घट म्हणजे कदाचित कुणी जेवण भरवत नाही, किंवा गुंगीत गिळता येत नाही. तोंडात बघा, नखं बघा. औषधाचा तक्ता मागा आणि ‘गरजेनुसार’ या रकान्यात कोणतं औषध कितीदा दिलं ते मोजा. ते ठरावीक एकाच पाळीत दिलं जात असेल, तर ‘गरज’ रुग्णाची नाही. डिमेन्शिया लुई बॉडी प्रकारचा आहे असं निदान असेल तर ते फाइलीच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घ्या. आणि बाईशी भांडण उकरून काढू नका; तुम्ही गेल्यावर ती त्याच्याबरोबर एकटीच असते. आधी माणूस हलवा किंवा बाई बदला, मग तक्रार.

आपल्याकडे ओकडेनसारखं 44 निकषांचं मानांकनही खासगी वृद्धाश्रमांना आणि ब्युरोंना बंधनकारक नाही, त्यामुळे तो भ्रमही नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017 मधलं कलम 97 रुग्णाला कोंडून ठेवायला मनाई करतं आणि बांधणं तात्काळ धोका टाळायचा दुसरा मार्ग नसेल तरच, तेही प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने करू देतं. पण ते मानसिक आरोग्य आस्थापनांपुरतं. घरी किंवा आश्रमात मारहाण झाली तर भारतीय न्याय संहितेतली दुखापतीची कलमं लागतात. मुळात काळजीच घेतली नाही, तर कलम 357 आहे: लहान वय, आजार, शारीरिक दुर्बलता किंवा मनोविकार यांमुळे स्वतःची सोय पाहू न शकणाऱ्या माणसाची सेवा करण्याचा कायदेशीर करार स्वेच्छेने मोडणं हा गुन्हा. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हाच दंड 200 रुपये होता. या कलमाला करार लागतो, म्हणून ब्युरोकडून बाई ठेवताना ड्यूटीचे तास, कामं, औषध कोण देणार आणि बांधायचं नाही ही अट एका कागदावर लिहून सही घ्यायला हवी. ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे, आणि पोलीस ठाण्यात जायच्या आधी पुढे काय करायचं ते तिथून विचारून घेता येतं.